रीफ टँकचं पाणी कसं आहे? चिवट कोरल आधी सांगतात, पण सगळं सांगत नाहीत

रात्री रील्स बघता बघता तो व्हिडिओ तुमच्यासमोर कधीतरी आलाच असेल. निळ्या लाईटमध्ये चमकणारा काचेचा टँक, आत हिरवे-जांभळे कोरल डुलतायत आणि मधून एक केशरी मासा पोहत जातोय. लगेच मनात येतं, "हे आपल्या घरी जमेल का?"

समजा तुम्ही वाशीम-पुसद रस्त्यावरच्या अनसिंगला राहता. इथून कुठलाही समुद्र चारशे किलोमीटरहून लांब. तरी उत्तर "अशक्य" असं नाही. समुद्राचं मीठ पाकिटात मिळतं. पंप, लाईट, हीटर कुरिअरने येतात. कुरिअरने येत नाही ती एकच गोष्ट, पाणी बिघडायला लागलंय हे वेळेत ओळखण्याची नजर. बहुतेक नवीन टँक इथेच मार खातात.

आज आपण समजून घेऊ की चिवट कोरल पाण्याची तब्येत कशी दाखवतात, कुठे फसवतात, मोबाईलची मदत कशी घ्यायची आणि भारतात कोरल विकत घेण्याआधी कोणता कायदा माहीत हवा. शेवटी एक गोष्ट तुमच्या घरच्या विहिरीबद्दलही आहे, ती चुकवू नका.

कोरल म्हणजे नेमकं काय?

कोरल म्हणजे प्रवाळ. दिसायला झाड किंवा दगड, पण आहे प्राणी. एका कोरलमध्ये शेकडो-हजारो छोटे जीव एकत्र राहतात. प्रत्येकाला पॉलिप म्हणतात. पॉलिपला तोंड असतं आणि तोंडाभोवती बोटांसारखे संस्पर्शक असतात.

खरी गंमत पुढे आहे. बऱ्याच कोरलच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला देतं. कोरल त्याला राहायला जागा देतो. कोरलचा तपकिरी रंग बऱ्याच अंशी या शैवालाचाच असतो.

आता विचार करा. मासा पाणी खराब झालं तर निदान टँकच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊ शकतो. कोरल एकाच जागी चिकटलेला. त्याचं मऊ अंग थेट पाण्यात, आणि त्याचा भाडेकरू प्रकाश, तापमान आणि पाण्यातल्या क्षारांवर अवलंबून. म्हणून पाण्यातला बदल त्याच्या अंगावर उमटतो. पॉलिप मिटतात, रंग बदलतो, अंग आकसतं.

टेस्ट किट असताना कोरलकडे कशाला बघायचं?

चांगला प्रश्न. टेस्ट किट म्हणजे एक फोटो. तुम्ही रविवारी दुपारी पाणी तपासलं, तर रविवारी दुपारचा आकडा कळला. पहाटे काय झालं ते किटला माहीत नाही. रीफ टँकचा पीएच साधारण पहाटे, लाईट लागण्याआधी सगळ्यात खाली असतो, कारण रात्रभर सगळे जीव श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि तो वापरणारं शैवाल अंधारात थांबलेलं असतं. कोरल मात्र चोवीस तास त्याच पाण्यात. तो सीसीटीव्हीसारखा आहे.

पण या सीसीटीव्हीला बोलता येत नाही. कोरल "काहीतरी बिघडलंय" एवढंच सांगतो. काय बिघडलंय ते नाही. अंगाला हात लावून ताप कळतो, पण मलेरिया की टायफॉईड हे रक्त तपासल्यावरच कळतं ना? तसंच आहे हे. कोरलने इशारा द्यायचा आणि किटने कारण शोधायचं. आजच्या लेखातून एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

खऱ्या समुद्रात हेच चालतं

हे फक्त शौकीन लोकांचं तंत्र नाही. आपल्याच महाराष्ट्रात बघा. १९८७ मध्ये मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. तिथल्या पाण्यात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात, कोरल आहेत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या कोरलचं ब्लीचिंग नोंदवलं आहे. ब्लीचिंग म्हणजे ताणामुळे कोरल आपल्या अंगातलं शैवाल गमावतो आणि पांढरा पडतो. लगेच मरत नाही, पण उपाशी पडतो.

हा इशारा इतका भरवशाचा आहे की जगभर उपग्रहाने समुद्राचं तापमान मोजून ब्लीचिंगचा अंदाज काढतात. एखाद्या जागेच्या नेहमीच्या सर्वात उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी फक्त १ अंश जास्त राहिलं आणि असे चार आठवडे गेले, की ब्लीचिंगचा धोका सुरू होतो. एप्रिल २०२४ मध्ये चौथं जागतिक ब्लीचिंग सुरू असल्याचं जाहीर झालं. त्याच वर्षी लक्षद्वीपचे कोरलही मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले.

आणि मुंबई? गढूळ पाणी, सांडपाणी, भरती-ओहोटी, तरीही हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर कोरल सापडले. कोस्टल रोडच्या कामात येणाऱ्या १८ वसाहती २०२० मध्ये उचलून कुलाब्याच्या नेव्ही नगरकडे हलवल्या गेल्या. त्यासाठी महापालिकेलाही वन्यजीव कायद्याखाली परवानगी घ्यावी लागली. ही परवानगीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुंबईचे कोरल आणखी एक गोष्ट शिकवतात. कोरल जिवंत आहे म्हणजे पाणी स्वच्छच आहे असं नाही. काही जाती चिवट असतात, वाईट पाण्यातही तग धरतात.

टँकमधले चिवट कोरल आणि त्यांची भाषा

टँकमध्ये नवशिक्यांना सहसा मऊ कोरल सुचवतात. यांना दगडासारखा सांगाडा नसतो. प्रत्येकाची बोलण्याची पद्धत वेगळी.

१. झेनिया: याचे पॉलिप हाताच्या मुठीसारखे सतत उघडझाप करतात. ही उघडझाप उगाच नाही. २०१३ मध्ये इस्रायलमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की या हालचालीमुळे अंगाभोवतीचा जादा ऑक्सिजन वाहून जातो आणि आतल्या शैवालाचं काम वाढतं. टँकमध्ये हा वेग कमी झाला किंवा थांबला, तर पीएच, अल्कलिनिटी, तापमान किंवा प्रवाहात काही बदललंय का ते बघा.

२. ग्रीन स्टार पॉलिप: हिरव्या गवताच्या गालिच्यासारखा. हात लागला की क्षणात जांभळ्या चटईत गायब. काही तासांत परत उघडायला हवा. दोन-तीन दिवस बंदच राहिला तर पाणी तपासायची वेळ झाली.

३. मशरूम कोरल: चपट्या बशीसारखा. लाईट जास्त झाला की आकसतो, कमी पडला की पसरतो. थोडं जास्त नायट्रेट याला चालतं, म्हणून नायट्रेटचा इशारा याच्याकडून फार उशिरा येतो.

४. झोअँथिड: रंगीत बटणांसारखे. प्रकाश कमी पडला की देठ लांब करून वर येतात. मिटून राहिले तर पाणी तपासा, पण त्यांच्यावर बसलेली गोगलगाय किंवा कुरतडणारा मासा आहे का तेही बघा.

५. लेदर कोरल: मोठ्या छत्रीसारखा, चामड्यासारखा. हा अधूनमधून पॉलिप मिटून मेणचट कात टाकतो. त्याला काही दिवस लागतात.

रंगाचीही एक साधी खूण आहे. कोरल हळूहळू गडद तपकिरी होत असेल तर पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट वाढलंय किंवा प्रकाश कमी आहे, अशी शक्यता. फिकट पडत असेल तर प्रकाश किंवा तापमान जास्त, किंवा पाणी अति "उपाशी". दोन्ही खुणांना दोन-दोन कारणं आहेत, हे लक्षात घ्या.

खोटे अलार्म ओळखा

लेदर कात टाकतोय आणि तुम्ही घाबरून तीन औषधं ओतली, असं होऊ देऊ नका. एकच कोरल मिटला आणि बाकी सगळे मजेत असतील, तर भानगड बहुधा त्या एकट्याची आहे: जागा, प्रवाह, मासा किंवा कात. वेगवेगळ्या जातींचे दोन-तीन कोरल एकाच वेळी मिटले, तर संशय पाण्यावर घ्या. म्हणूनच इशाऱ्यासाठी एकाच जातीवर अवलंबून राहू नये.

उलटी चूकही होते. "माझा मशरूम मस्त आहे, म्हणजे पाणी मस्त." नाही! चिवट गडी उशिरा तक्रार करतो. तो तक्रार करेपर्यंत नाजूक जीवांचं नुकसान होऊन गेलेलं असतं.

आकडे किती हवेत?

मऊ कोरलच्या टँकसाठी साधारण हे लक्ष्य ठेवतात:

- तापमान: २४ ते २७ अंश सेल्सिअस
- खारेपणा: दर हजारी ३५ भाग, म्हणजे विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२५ ते १.०२६
- पीएच: ८.१ ते ८.४
- अल्कलिनिटी: ७ ते ११ डीकेएच
- नायट्रेट: २ ते १० पीपीएम (मऊ कोरल थोडं जास्तही सहन करतात)
- अमोनिया आणि नायट्राइट: शून्य

आकडा अगदी परफेक्ट असण्यापेक्षा स्थिर असणं जास्त महत्त्वाचं. अल्कलिनिटी रोज ८ असलेला टँक, आज ७ आणि उद्या १० होणाऱ्या टँकपेक्षा कधीही बरा.

कोरल मिटले तर काय करायचं?

१. काहीही ओतू नका. आधी तापमान बघा, मग खारेपणा. बऱ्याचदा कारण इथेच सापडतं.
२. अमोनिया तपासा. एखादा मासा किंवा गोगलगाय दगडामागे मरून पडली आहे का ते शोधा.
३. मग अल्कलिनिटी, पीएच आणि नायट्रेट तपासा.
४. कारण सापडलं नाही तरी १० ते १५ टक्के पाणी बदला. नवीन पाण्याचं तापमान आणि खारेपणा टँकइतकाच हवा.
५. एका वेळी एकच बदल करा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरं वाटलं ते कधीच कळणार नाही.

मोबाईलचा खरा उपयोग

रोज बघणाऱ्याला हळू बदल दिसत नाही. घरातलं लहान मूल कधी उंच झालं ते पाहुण्यांनाच आधी कळतं, तसंच. म्हणून फोटो काढा, पण शिस्तीत.

- आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागेवरून फोटो काढा. काचेवर बाहेरून छोटी टेप लावून जागा पक्की करा.
- निळा लाईट बंद, पांढरा चालू. निळ्या लाईटमध्ये मोबाईलचा कॅमेरा रंग पूर्ण चुकवतो.
- फ्रेममध्ये एक पांढरं प्लास्टिकचं कार्ड धरा. दोन महिन्यांनी फोटो शेजारी ठेवले की कार्ड पांढरं दिसतंय का ते बघा. कार्डच पिवळट असेल तर कोरलच्या रंगावर विश्वास ठेवू नका.
- ब्युटी मोड, फिल्टर, एआय सुधारणा सगळं बंद.
- झेनियाचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढा आणि एका पॉलिपची उघडझाप मोजा. आकडा नोट्समध्ये लिहा.
- त्याच नोंदीत त्या दिवशीचे किटचे आकडे आणि "आज लाईट चार तास नव्हती" अशा गोष्टीही लिहा.

टेस्ट स्ट्रिपचा फोटो काढून आकडा सांगणारी ॲप्सही असतात. ट्यूबलाईटखाली आणि उन्हात तीच स्ट्रिप वेगळी दिसते, म्हणून ॲपचा आकडा अंदाज समजा.

अनसिंगमध्ये टँक ठेवायचा तर

पाणी: आपल्याकडचं विहिरीचं किंवा बोअरचं पाणी थेट वापरू नका. काळ्या खडकातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात, आणि शेतातल्या खतांमुळे नायट्रेट येऊ शकतं. आरओचं पाणी आणि त्यापुढे डीआय रेझिनचा फिल्टर ही रीत आहे. टीडीएस पेनवर आकडा शून्याच्या जवळ हवा. घरातल्या आरओ मशीनमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळायची सोय असते, त्यामुळे ते पाणी तपासल्याशिवाय घेऊ नका.

उन्हाळा: मे महिन्यात बाहेर पारा चाळिशीपार, घरात टँक तिशीपार. पंखा लावला की पाणी थंड होतं, पण वाफ होऊन उडतंही. उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणजे खारेपणा वाढतो. ती भर साध्या आरओ पाण्याने घालायची, मिठाच्या पाण्याने नाही. उन्हाळ्यात कोरल मिटण्याचं हे अगदी नेहमीचं कारण.

लाईट जाणं: पंप बंद म्हणजे पाण्यातला ऑक्सिजन घटायला सुरुवात. बॅटरीवर चालणारा एअर पंप आधी घ्या, रंगीत लाईट नंतर.

फवारणी: हे शहरातल्या व्हिडिओत कोणी सांगत नाही. सोयाबीन-कपाशीवर फवारणी करून आलेले हात टँकमध्ये घालू नका. बुरशीनाशकातलं तांबं कोरल आणि झिंग्यांसाठी विष आहे. डास मारायच्या स्प्रेमधली रसायनं मासे आणि झिंग्यांना फार घातक असतात. टँकसाठी बादली आणि मग्गा वेगळा ठेवा, त्यावर मार्करने लिहून ठेवा.

विकत घेण्याआधी: कायदा आणि जीव

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार दगडी सांगाड्याचे रीफ बांधणारे कोरल, काळे कोरल, ऑर्गन पाईप कोरल, फायर कोरल आणि समुद्रपंखे २००१ पासून अनुसूची १ मध्ये आहेत. वाघ ज्या यादीत आहे, तीच यादी. यातल्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास होऊ शकतो. "शोपीससाठी सुकलेलं कोरल आहे" ही पळवाट नाही. परदेशी संरक्षित जातींसाठी २०२४ च्या नियमांनुसार सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. महापालिकेला १८ वसाहती हलवायला परवानगी लागते, तर इन्स्टाग्रामवर मेसेज करून कुरिअरने कोरल मागवणं किती धोक्याचं असेल, विचार करा.

वर सांगितलेले झेनिया, मशरूम, झोअँथिड या अनुसूची १ च्या नावांमध्ये येत नाहीत. तरीही पक्कं बिल, जातीचं नाव आणि तो कुठे वाढवला याचा कागद मागा. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर सौदा सोडा. शंका असेल तर वन विभागाला विचारा.

दुसरा धोका तुमच्या जिवाचा. काही झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. ते लागलेले दगड उकळू नका, कोरडे घासू नका. हातमोजे आणि चष्मा घाला, हाताला जखम असेल तर टँकपासून लांब राहा. लहान भावंडांना यात हात घालू देऊ नका.

आणि आता घरची विहीर

एक आकडा शेजारी ठेवून बघा. रीफ टँकवाला नायट्रेट १० च्या वर गेलं की अस्वस्थ होतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा आहे लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्याहून जास्त नायट्रेट असलेलं पाणी सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला विशेष धोक्याचं, कारण त्याच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होऊ शकते. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. टीडीएस पेन ते वेगळं दाखवत नाही. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतं.

आपल्या घरात विहिरीसाठी इशारा देणारा कोरल नाही. म्हणून तिथे आकडाच तपासावा लागतो. गोड्या पाण्यासाठी चालणारं नायट्रेट किट असेल तर विहिरीचं पाणी एकदा बघाच. एक काळजी घ्या: काही किट "नायट्रेट-नायट्रोजन" दाखवतात. त्या आकड्याला ४.४ ने गुणलं की नायट्रेट मिळतं. म्हणजे अशा किटवर १० आलं तर ती मर्यादाच समजा. किटचा आकडा जास्त वाटला तर घाबरू नका, पण थांबूही नका. जल जीवन मिशनमध्ये गावागावात महिलांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण आणि किट दिलेले आहेत. ग्रामपंचायतीत चौकशी करा आणि नमुना सरकारी प्रयोगशाळेत पाठवायला सांगा.

टँक घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा. घेतलात तर पहिले चार ते सहा आठवडे फक्त पाणी आणि दगड ठेवून आकडे लिहा, अमोनिया-नायट्राइट शून्य झाल्याशिवाय एकही जीव आत सोडू नका. आणि टँक नाही घेतला, तरी या रविवारी विहिरीच्या पाण्याची एक बाटली तपासायला द्या.